गुठळीचे गणित

'ऑपरेशन छान झालं होतं हो. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. सकाळी बाथरूमला म्हणून उठले आणि तिथंच...' भेटायला गेलेल्या घरी सतरंजीवर बसून हे वाक्य कधीच ऐकले नाही, असा मराठी माणूस विरळा. ऐकणारा मान खाली घालतो, कोणीतरी हळूच 'अटॅक' म्हणतो आणि त्या शब्दापाशी विषय संपतो. मृत्यूच्या दाखल्यावरही पुष्कळदा 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच लिहिलेले असते. हृदयक्रिया काय, मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते. ती का बंद पडली, हा प्रश्न सुतकाबरोबर फिटून जातो.

अशा मृत्यूंपैकी काहींचे मूळ हृदयात नसतेच, पायात असते. चार-सहा दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पोटरीतल्या किंवा मांडीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते. पाय थोडा सुजतो, थोडा दुखतो, कित्येकदा काहीच होत नाही. मग तो माणूस उठून उभा राहतो, पोटरीचा स्नायू आवळतो, गुठळीचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर वर चढत, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पार होऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकतो. तुकडा मोठा असेल तर पुढचे सगळे काही मिनिटांत आटोपते. 'अचानक' हा शब्द आपण त्यासाठी वापरतो. पण त्या गुठळीने आठवडाभर आधी घर केलेले असते. अचानक असते ती फक्त आपल्याला लागलेली खबर.

१३ ऑक्टोबर हा जागतिक थ्रोम्बोसिस दिन. २०१४ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे त्याची दखल एखाद्या रुग्णालयाच्या भित्तिपत्रकापलीकडे फारशी जात नाही, आणि त्याचे नवल वाटू नये. कर्करोगाला चेहरा आहे, हृदयविकाराला दरारा आहे, क्षयाला इतिहास आहे. गुठळीला मराठीत धड नावसुद्धा नाही. 'रक्त घट्ट झालं', 'गाठ झाली', 'शीर चोंदली' अशा तीन-चार शब्दांत ती विखुरलेली आहे. ज्याला नाव नाही त्याची मोजदाद कशी होणार?

ही तारीख निवडली गेली ती रुडॉल्फ फिरखो याच्या जन्मदिवसावरून. १८२१ साली पोमेरेनियातल्या शिव्हेलबाइन गावी तो जन्मला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाच्या शवागारात काम करणारा हा पंचविशीतला डॉक्टर १८४६ मध्ये एक गोष्ट ठामपणे सांगू लागला. मेलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तिथे तयार झालेली नसते, ती दुसरीकडून वाहत आलेली असते. त्या काळी शिरेचा दाह हेच बहुतेक रोगांचे मूळ मानणाऱ्यांचे वजन मोठे होते. फिरखोने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे आणि गुठळ्यांचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसात जाऊन अडकलेले दाखवून दिले. 'थ्रोम्बोसिस' आणि 'एम्बोलिझम' ही नावे त्याचीच. रक्त एका जागी साचणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा स्वतःचाच गोठण्याकडे कल वाढणे, ही तीन कारणे वैद्यकाचे विद्यार्थी आजही 'फिरखोचे त्रिकूट' म्हणून पाठ करतात. गंमत म्हणजे त्रिकुटाला त्याचे नाव चिकटले ते त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

याच फिरखोला १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियातल्या टायफसच्या साथीची पाहणी करायला धाडले होते. परतल्यावर त्याने अहवालात औषधांची यादी दिली नाही. शाळा, रस्ते, रास्त कर आणि लोकशाही मागितली. सरकारला तो अहवाल रुचला नाही, हे वेगळे सांगायला नको. रोग शरीरात दिसतो पण त्याची मुळे राहणीत असतात, ही त्याची दृष्टी गुठळीच्या बाबतीत त्याच्यानंतर किती खरी ठरत गेली, याचे सर्वांत लख्ख उदाहरण लंडनचे आहे.

१९४० चा पावसाळा संपता संपता जर्मन विमाने रोज रात्री लंडनवर बॉम्ब टाकू लागली. हजारो माणसे संध्याकाळ झाली की तळघरांत, भुयारांत, निवाऱ्यांत शिरत. आडवे व्हायला जागा नसे. मग घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसून रात्र काढायची. या खुर्च्यांच्या पुढच्या बाजूला लाकडाचा आडवा दांडा असतो. मांडीचा मागचा भाग नेमका त्याच्यावर टेकतो. बाहेर बॉम्ब पडत होते आणि आत काही माणसे सकाळी खुर्चीतून उठताना कोसळत होती. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी ताडून पाहिल्या. फुप्फुसात गुठळी अडकून झालेले मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या सहापट झाले होते. त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले आणि आडवे होता येईल अशा बाकांची मागणी केली. युद्धाच्या धुमश्चक्रीत, रोज शेकडो माणसे स्फोटांत मरत असताना, खुर्चीने मारलेली माणसे वेगळी मोजावीत असे एका माणसाला वाटले, याचे आम्हाला राहून राहून अप्रूप वाटते. विमानाच्या अरुंद आसनात बारा तास बसणाऱ्यांना आज पाय हलवत राहा म्हणून सांगतात. आपल्या पुणे-नागपूर स्लीपर बसला निदान आडवे होण्याची सोय आहे. गणपतीला कोकणात जाणाऱ्या, घाटात आणि महामार्गावर अडकलेल्या गाडीतल्या मधल्या सीटवर तीही नाही.

पुढची मोठी झेप एका भारतीय वंशाच्या शल्यविशारदाने घेतली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये काम करणारे विजय कक्कर यांनी रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनाला किरणोत्सारी आयोडिनची खूण लावून ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांना टोचले आणि रोज यंत्राने त्यांचे पाय तपासले. जिथे गुठळी धरेल तिथे खूण गोळा होणार. १९६९ साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष शल्यविशारदांची झोप उडवणारे होते. सुमारे ३० टक्के रुग्णांच्या पायात गुठळी होत होती, बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि बऱ्याच जणांत तिची सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावरच झालेली होती. मग १९७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४,१२१ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची अगदी लहान मात्रा, निम्म्यांना नाही. हेपॅरिन न मिळालेल्यांपैकी १६ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले, मिळालेल्यांपैकी दोन. औषध नवे नव्हते, ते १९१६ पासून माहीत होते. नवी होती ती ते कधी द्यायचे याची समज: गुठळी झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा होण्याआधी पोटाच्या कातडीखाली एक छोटी सुई.

हे घडून अर्धे शतक लोटले. मधल्या काळात, २००८ मध्ये, ३२ देशांतल्या रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. गुठळीचा धोका असलेल्या रुग्णांपैकी योग्य ती प्रतिबंधक काळजी जगभरात निम्म्यांना मिळत होती. भारतात जेमतेम १७ टक्क्यांना. आपल्या शल्यविशारदांत 'हा गोऱ्यांचा रोग, आपल्याकडे होत नाही' असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, आणि तो पुरता गेलेला नाही. आपल्याकडे होत नाही की आपल्याकडे कोणी पाहत नाही? शवविच्छेदन करू द्यायला नातेवाईक तयार नसतात, ते स्वाभाविक आहे. पण शवविच्छेदन नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून रोग नाही. रोग नाही, म्हणून सुई नाही. हे वर्तुळ कक्करांच्याच मायदेशात पक्के व्हावे, याला काय म्हणावे!

दरम्यान युरोपातले संशोधक त्रिकुटातल्या तिसऱ्या कारणाच्या, म्हणजे रक्ताच्या स्वभावाच्या, मागे लागले होते. रक्त गोठवणारी यंत्रणा जितकी गुंतागुंतीची तितकीच ती थांबवणारी यंत्रणाही. तिचा एक ब्रेक म्हणजे प्रोटीन सी. ते 'फॅक्टर फाइव्ह' नावाच्या प्रथिनाला ठराविक जागी कापते आणि गोठण्याची प्रक्रिया आवरती घेते. स्वीडनमधल्या माल्मो इथे ब्योर्न डालबेक यांना १९९३ मध्ये असे लोक आढळले की ज्यांच्या रक्तात हा ब्रेक लागतच नव्हता. पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात रॉजियर बर्टिना यांच्या गटाने कारण शोधले. फॅक्टर फाइव्हच्या साखळीत कापण्याच्या नेमक्या जागेवरचे आर्जिनिन जाऊन तिथे ग्लुटामिन आले होते. एका अक्षराची चूक, आणि कात्री लागेना. या बदलाला गावाचे नाव मिळाले, 'फॅक्टर फाइव्ह लायडन'. युरोपीय वंशाच्या साधारण पाच टक्के लोकांत तो सापडतो.

त्याच वर्षी लायडनच्या मंडळींनी जे गणित मांडले ते जनुकाच्या शोधापेक्षाही महत्त्वाचे आहे असे आमचे मत. दहा हजार तरुण स्त्रिया घ्या. गर्भनिरोधक गोळी नाही, लायडनचा बदलही नाही, तर वर्षभरात खोल शिरेत गुठळी होणाऱ्यांचे प्रमाण एकाहूनही कमी, ०.८. नुसती गोळी असेल तर ३. नुसता जनुकीय बदल असेल तर ५.७. दोन्ही असतील तर? शाळकरी मूलही बेरीज करून नऊच्या आत उत्तर सांगेल. प्रत्यक्षात ते २८.५ निघाले. धोके एकमेकांत मिसळले की वाढत नाहीत, भडकतात. फ्रिट्स रोझेंडाल यांनी पुढे हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली, की या रोगाला एक कारण नसतेच. कारणे एकावर एक साठत जातात आणि एक दिवस उंबरठा ओलांडला जातो. वय, वजन, जनुक, मोडलेले हाड, गर्भारपण, कर्करोग, लांबचा प्रवास. यांतले कोणतेही एक हात वर करून 'मी नाही त्यातला' म्हणू शकते, आणि ते खोटेही नसते.

आपल्या मनाला हे पचत नाही. 'कशामुळं झालं?' या प्रश्नाला आपल्याला एकच उत्तर हवे असते आणि ते कागदावर छापून आलेले असेल तर उत्तम. म्हणून मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत 'थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल' नावाच्या तपासण्यांचा गठ्ठा हजारो रुपयांना विकला जातो, आणि त्यात लायडनचा तो बदल हटकून असतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेने पश्चिम भारतातल्या तरुण रुग्णांचा अभ्यास केव्हाच केला आहे. तो बदल आपल्याकडे थोड्याच रुग्णांत आढळतो. शिवाय गुठळी ताजी असताना किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना याच गठ्ठ्यातले प्रोटीन सी आणि प्रोटीन एसचे आकडे फसवे येतात, आणि बहुतेक वेळा अहवाल काहीही आला तरी उपचार तोच राहतो. तपासणी वाईट नाही. पण दुसऱ्याच्या कुंडलीवरून आपले भविष्य पाहण्यातला हा प्रकार आहे.

मग आपली कुंडली कोणती? तिचे एक पान बाळंतिणीच्या खोलीत सापडेल. मदुराईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोके दुखते, उलट्या होतात, आकडी येते, एक बाजू लुळी पडते. पाश्चात्त्य वॉर्डांत क्वचित दिसणारे हे चित्र आपल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या चांगलेच ओळखीचे. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गच रक्ताचा गोठण्याचा कल वाढवून ठेवतो आणि पुढचे सहा आठवडे तो टिकतो. त्यात आधीचा अॅनिमिया, कदाचित सिझेरियनची जखम, आणि वर आपली रीत. डिंकाचे-अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, कानाला फडके हे सगळे असू द्या. त्यामागे माया आहे. पण 'पाणी जास्त देऊ नका, पोट सुटेल' आणि 'सव्वा महिना उठायचं नाही' हे दोन नियम गुठळीच्या बाजूने काम करतात. रक्त आटते आणि साचते. फिरखोचे त्रिकूट त्या अंधाऱ्या, उबदार खोलीत पाटावर येऊन बसते.

दुसरे पान पुण्याचे आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले आढळले. वाढलेले होमोसिस्टीन आणि गुठळ्या यांचे साटेलोटे जगभरच्या अभ्यासांत दिसते. म्हणजे बी-१२ च्या गोळ्या घेतल्या की प्रश्न मिटला? इथे संशोधन आपल्याला थबकवते. पाश्चात्त्य देशांत जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवून पाहिले. होमोसिस्टीन उतरले, गुठळ्या उतरल्या नाहीत. धोक्याबरोबर दिसणारी प्रत्येक गोष्ट धोक्याचे कारण असतेच असे नाही. चोराच्या शेजारी उभा असलेला माणूस कधी साथीदार असतो, कधी नुसता वाटसरू. पण त्या चाचण्यांतली माणसे आपल्याइतकी बी-१२ च्या दुष्काळात जगत नव्हती. आपल्या ताटाचा प्रश्न हॉलंडच्या ताटावरून सुटणार नाही. तो इथेच विचारावा लागेल, आणि त्याला पैसे लागतील.

तिसऱ्या पानाबद्दल लिहिताना जरा संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. घरात पूजा असली, लग्न असले, गौरी बसायच्या असल्या की पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणायला घरातलेच कोणीतरी औषधाच्या दुकानात जाते. चिठ्ठी कोणी मागत नाही, गोळी घेणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातले औषध दिवसातून तीनदा पाच मिलिग्रॅम घेतले की त्याचा थोडा अंश शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बहुतेकींना काही होत नाही, हे खरे. पण जिचे वजन जास्त आहे, जिच्या आईला किंवा बहिणीला कधी गुठळी झाली होती, जी नुकती बाळंत झाली आहे, तिच्यासाठी लायडनचा तो गुणाकार सुरू होतो. डॉक्टरांना विचारून, आपला इतिहास सांगून घेतलेल्या गोळीला आमची हरकत नाही. चार दिवसांच्या सोवळ्यासाठी बाईने आपले रक्त पणाला लावावे, आणि तेही कोणी एक प्रश्न न विचारता, याला आहे. देवाला चालते, घराला चालत नाही, एवढाच हा पेच आहे.

करोनाने गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा 'डी-डायमर' हा शब्द आपल्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला होता. त्या विषाणूने फुप्फुसांत आणि पायांत गुठळ्या केल्या, लोक आकडे एकमेकांना पाठवत होते, आणि साथ ओसरताच शब्दही ओसरला. तो परत आला २०२४ च्या उन्हाळ्यात, पुण्यात तयार झालेल्या कोविशील्ड लशीच्या बातम्यांबरोबर. लशीनंतर क्वचित गुठळ्यांचा विकार होतो, हे त्या बातम्यांतले खरे होते. २०२१ मध्येच जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथे आंद्रेआस ग्राइनाखर यांच्या गटाने त्यामागची प्रतिपिंडे ओळखली होती. पण तो लशीनंतरच्या काही आठवड्यांत होणारा विकार. तीन वर्षांनी मोबाइलवर फिरलेल्या भीतीने लोक दवाखान्यांत डी-डायमर करून घ्यायला धावले, आणि त्याच दवाखान्यांत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले कोणी हेपॅरिनशिवाय पडून असेल, याची चर्चा कुठे झाली नाही.

मोजले तर काय होते, याचे एक उत्तर ब्रिटनने देऊन ठेवले आहे. तिथे १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. दोष कोणाचा हे न विचारता, काय घडले एवढे विचारले जाते. गुठळी हे थेट कारणांत सतत वरच्या क्रमांकावर दिसू लागले, तेव्हा २००४ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मार्गदर्शक सूचना काढल्या: प्रत्येक गरोदर स्त्रीच्या धोक्यांची बेरीज मांडा, ती ठराविक मर्यादेपुढे गेली की हेपॅरिन द्या. २००३ ते २००५ या तीन वर्षांत गुठळीने ४१ माता गेल्या होत्या. २००६ ते २००८ मध्ये १८. नवे औषध आले नव्हते, नवे यंत्र आले नव्हते. आपल्या देशात केरळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी २००४ पासून याच धर्तीवर चौकशी चालवली आहे. महाराष्ट्रात मातामृत्यूंचे परीक्षण सरकारी नियमानुसार होते, पण त्यातून शिकलेले प्रसूतिगृहातल्या परिचारिकेपर्यंत मराठीत पोचते का, हे जाणकारांनी आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे.

धोक्याचा हा हिशेब मांडायला संगणक लागत नाही. एका पानाचा छापील कागद पुरतो. तो ग्रामीण रुग्णालयात, बाळंतिणीच्या उशाशी, तिच्या भाषेत भरला गेला पाहिजे. वय, वजन, सिझेरियन की साधे, किती दिवस झोपून, आधी कधी पाय सुजला होता का. आणि शेवटचा प्रश्न: घरात कोणाला असे काही झाले होते का? त्याचे उत्तर बहुधा सून देणार नाही. ते कोपऱ्यात बसलेली सासू किंवा आजी देईल, तेही बऱ्याच वेळाने, आठवून आठवून. 'तसं काही नाही हो. एक आमची नणंद गेली होती बाळंतपणात, दहाव्या दिवशी. डावा पाय सुजला होता तिचा, आम्ही तेल लावून चोळत होतो.'